अग्निशामकाच्या श्वासाचा हिशेब: स्मिथफील्ड, १९५८

१/ २३ जानेवारी १९५८. लंडनच्या स्मिथफील्ड बाजारातील पोल्ट्री मार्केटच्या तळघरात पहाटे आग भडकली. खाली शीतगृहांचे जाळे होते: अरुंद वाटा, जाड भिंती आणि दाट काळा धूर. श्वसनयंत्रे लावून अग्निशामक आत उतरले. त्यांपैकी दोघे जिवंत परतले नाहीत. त्यांच्याकडे यंत्र होते. मग उणीव कशाची होती? उत्तरासाठी सव्वाशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

२/ आगीत ज्वाळेइतकाच, किंबहुना अधिक, घातक असतो तो धूर. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने जोडला जातो. आधी विचार मंदावतो, मग पाय. संकट ओळखण्याची शक्तीच प्रथम हरपते.

३/ १८२३ मध्ये चार्ल्स डीन या इंग्रज खलाशाने धुरात वापरण्याच्या शिरस्त्राणाचे पेटंट घेतले. तांब्याचे शिरस्त्राण आणि बाहेरून नळीवाटे भात्याने पुरवलेली हवा, अशी त्याची रचना होती. आगीच्या कामी त्याला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे डीन बंधूंनी तेच शिरस्त्राण पाण्याखाली नेले आणि त्यातून पाणबुड्यांचे शिरस्त्राण घडले. १८३६ मध्ये ‘मेरी रोझ’ या बुडालेल्या युद्धनौकेचे अवशेष याच बंधूंनी शोधले.

४/ फ्रान्समध्ये १८३० च्या दशकात पॅरिसच्या अग्निशमन दलाचे प्रमुख पॉलाँ यांनी चामड्याचा अंगरखा तयार केला. आग विझवण्याच्या पंपानेच त्यात हवा भरली जाई. कल्पना कल्पक होती; पण माणूस नळीला बांधलेला राही. नळी पिळली वा अडकली, की श्वासही अडकला.

५/ दुसरा मार्ग हवा गाळण्याचा. १८७० च्या दशकारंभी भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी ग्लिसरिनने भिजवलेला कापूस आणि कोळसा यांचे थर असलेला मुखवटा सिद्ध केला. लंडनच्या दलाचे प्रमुख कॅप्टन शॉ यांच्या साहाय्याने त्याच्या चाचण्या झाल्या. काजळी आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ त्यात अडकली. कार्बन मोनॉक्साइड मात्र आरपार गेला. शिवाय खोलीत प्राणवायूच उरला नसेल, तर गाळणी गाळणार काय?

६/ उरला एकच उपाय: हवा सोबत नेणे. १८७८ च्या सुमारास हेन्री फ्ल्यूस यांनी बंद परिपथाचे यंत्र बनवले. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक पोटॅशमध्ये शोषला जाई, नळकांड्यातून थोडा प्राणवायू मिसळे आणि तीच हवा पुन्हा फुप्फुसात जाई. १८८० मध्ये सेव्हर्न नदीखालील बोगद्यात पाणी भरलेले होते, तेव्हा पाणबुड्या अलेक्झांडर लॅम्बर्ट नळीच्या पोशाखात मुक्कामी पोहोचू शकला नाही. फ्ल्यूस यंत्र लावून तो काळोख्या पाण्यातून सुमारे हजार फूट आत गेला आणि त्याने लोखंडी दार बंद केले.

७/ याच घराण्यातील ‘प्रोटो’ हे यंत्र पहिल्या महायुद्धातील सुरुंग खोदणाऱ्या सैनिकांनी वापरले, पुढे लंडनच्या अग्निशामकांनीही. छातीवर श्वासाची पिशवी, नाकाला चिमटा, तोंडात दातांनी धरलेली नळी. साठा साधारण तासाभराचा. तोंडात नळी असल्याने बोलणे मात्र जवळजवळ अशक्य.

८/ यंत्राची निगा हे यंत्राइतकेच मोठे काम होते. प्रत्येक वापरानंतर तोंडाची नळी धुऊन निर्जंतुक करायची, शोषक रसायन बदलायचे, पिशवीची गळती तपासायची, नळकांड्याचा दाब मोजायचा. ठाण्यात केलेली हयगय तळघरात उघडी पडे, आणि तिथे दुरुस्तीला सवड नसे.

९/ आता पुन्हा स्मिथफील्ड. यंत्रे चांगली होती, माणसेही अनुभवी होती. पण कोण केव्हा आत गेला, किती दाब घेऊन गेला, त्याने केव्हा परतायला हवे, याचा काटेकोर हिशेब बाहेर कोणाकडेही नव्हता. १९४९ च्या कोव्हेंट गार्डनच्या आगीतही तळघरातील धुराने एक बळी घेतला होता. तो धडा देशभरच्या शिस्तीत उतरला नव्हता. त्या दोघांचा साठा संपला, आणि त्यांना शोधायला हवे हे बाहेर उशिरा कळले.

१०/ त्याच वर्षी ब्रिटनमध्ये नवी कार्यपद्धती ठरली. तिचा कणा एक साधी पट्टी: टॅली. तिच्यावर अग्निशामकाचे नाव, नळकांड्यातील दाब आणि आत जाण्याची वेळ. आत जाताना ती पट्टी प्रवेशद्वारावरील अधिकाऱ्याच्या हाती द्यायची. तो ती फलकावर लावतो, साठा केव्हा संपत येईल याचे गणित मांडतो आणि घड्याळावर नजर ठेवतो. जोडीला साठा कमी होताच वाजणारी शिट्टी, संकटात वाजवायचे इशारायंत्र आणि परतीची वाट दाखवणारी दोरी आली.

११/ यंत्रे पुढे बदलत गेली. १९४५ मध्ये अमेरिकेत विमानचालकांच्या प्राणवायू यंत्रणेवरून ‘स्कॉट एअर-पॅक’ आला. त्यात दाबाखालची साधी हवा असे. १९७० च्या दशकात नासाने अवकाश तंत्रज्ञानातून हलकी नळकांडी सिद्ध केली. पुढे मुखवट्यात बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक दाब राखणे रूढ झाले. फट पडली तरी हवा बाहेर जाते, धूर आत येत नाही.

१२/ निगेचा नियम मात्र जुनाच राहिला. हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरने इंजिनाचा धूर ओढला, तर विष नळकांड्यातच भरले जाते. म्हणून भरलेल्या हवेची तपासणी होते, आणि नळकांड्यांची पाण्याच्या दाबाखाली ठरावीक काळाने परीक्षा होते.

१३/ माणसाला धुरात श्वास कसा घ्यावा हे शिकायला शतकभर लागले. तो श्वास बाहेरून कोणीतरी मोजत राहिला पाहिजे, हे मात्र तळघरात गेलेल्या जिवांनी शिकवले. आजही ब्रिटनमध्ये श्वसनयंत्र लावून धुरात शिरणारा अग्निशामक दारात आपली टॅली देतो. फलकावरची ती पट्टी तो स्वतः परत घेईपर्यंत कोणीतरी त्याच्या मिनिटांचा हिशेब ठेवत असते.