गोंदणाची निगा : घराघरांतील एक अलिखित इतिहास

आपल्या गावांच्या इतिहासाची साधने शोधू लागले म्हणजे सनदा, कुळकर्ण्यांची दप्तरे व देवळांतील शिलालेख यांकडे प्रथम दृष्टी वळते, आणि ते योग्यच आहे. तथापि आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर स्वतःच्या अंगावर वागविलेला एक लेख आपण कधी लक्षपूर्वक वाचला नाही. तो लेख म्हणजे गोंदण. रत्नागिरी जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत आज काही थोड्या वृद्ध स्त्रियांच्या हातांवर व कपाळांवर तो उरला आहे. प्रस्तुत लेखात गोंदणाच्या नक्षीचा विचार केलेला नसून, सुई उचलल्यानंतरच्या पंधरा-वीस दिवसांचा विचार केला आहे. कारण गोंदण खऱ्या अर्थाने घडते ते त्या दिवसांत.

आमच्या आजीच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर आतल्या अंगास, तुळशीवृंदावन गोंदलेले होते. त्यातील एक फांदी मात्र फिकट व तुटक होती. लहानपणी आम्ही त्याचे कारण विचारले, तेव्हा ती हसून म्हणाली, "आईचे ऐकले नाही, त्याची ही खूण." गोंदवल्यानंतर पाचव्या की सहाव्या दिवशी खाज अनावर होऊन तिने खपली नखाने काढली. "खाजवू नको गो, तुळस सुकेल," असे तिच्या आईने बजावले होते. आणि खरोखरच तुळशीची ती फांदी सुकली, ती जन्मभर! एका मायेच्या ताकिदीचा एवढा टिकाऊ पुरावा कोणत्या दप्तरात सापडेल?

गोंदणाची कृती दिसण्यात साधी होती. दिव्यावर भांडे उपडे धरून काजळी धरावयाची. ती पाण्यात, तेलात, वनस्पतीच्या रसात, तर काही ठिकाणी आईच्या दुधात कालवावयाची. आणि दोन-तीन सुया एकत्र बांधून त्यांनी त्वचेत टोचावयाची. गोंदणारी बाई आली म्हणजे आळीतील मुली एकत्र बसत. एक रडे, दुसरी धीर देई, आणि वडीलधाऱ्या बाया गोष्टी सांगून मन दुसरीकडे वळवीत. मोबदला बहुधा धान्याच्या वा नारळाच्या रूपाने दिला जाई. सोने-नाणे येथेच राहते, गोंदण तेवढे बरोबर येते, ही श्रद्धा सर्वदूर होती. म्हणूनच ज्या घरात दागिन्याची ऐपत नव्हती तेथेही लेकीच्या हातावर हा अलंकार उमटला.

वेदनेच्या उपायाबाबत एक तुलना उद्बोधक आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ साली मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीस बंदिवासात होता. त्याच्या देशात मुलगा वयात येताना कमरेपासून गुडघ्यापर्यंत काजळीने गोंदवून घेणे हे पौरुषाचे लक्षण समजत, आणि वेदना सोसाव्यात म्हणून पुष्कळदा अफू देत. आमच्या मुलींना अफू नव्हती. त्यांच्या वाट्यास शेजारणीचा हात आणि आईचा शब्द एवढेच होते.

गोंदणारी निघून गेली की खरे काम आईकडे येई. पहिल्या दोन-तीन दिवसांत जागा लाल होई, सुजे, ठणके व तीतून लस येई. निवविलेल्या पाण्याने ती हलक्या हाताने धुवावी, कोरडी करावी, उगाळलेली हळद व खोबरेल यांचा पातळ हात द्यावा. पुढे खपली धरून कातडे ओढू लागले की रातांब्याच्या बियांचे कोकमतेल वितळवून लावावे. खाज सुटली तर नखे लावू नयेत, तळव्याने हळूच थापटावे. हात धुण्या-भांड्यांत घालू नये, आणि भाताच्या लावणीच्या चिखलात तर मुळीच नाही. साधारण दोन-तीन आठवड्यांनी खपल्या आपोआप गळून खालून हिरवट रेघ वर येई.

या शिस्तीमागील कारण आज अधिक स्पष्ट झाले आहे. काजळीचे कण त्वचेच्या वरच्या थरात नव्हे, तर त्याखालच्या थरात राहतात. तेथील भक्षक पेशी ते कण गिळून ठेवतात; एक पेशी मेली की तिच्यातील कण नवी पेशी उचलते. फ्रान्समधील मार्से येथील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरील प्रयोगांतून हे दाखविले. याचा अर्थ असा की, गोंदण ही एक जिवंत जखम असून शरीर तिची राखण करीत असते. खपली अकाली उपटली तर रंगही तिच्याबरोबर निघून येतो. आजीची फांदी सुकली ती अशी.

तथापि जुने ते सर्वच सोने, असे म्हणणे सत्यास सोडून होईल. एकाच सुईने आळीतील सर्व मुलींना टोचणे घातक होते. रक्तातून पसरणारी कावीळ अशाच सुईने एकीकडून दुसरीकडे जाते. कित्येक ठिकाणी ताज्या गोंदणावर शेणाचे पाणी वा राख लावीत. धनुर्वाताच्या जंतूचे बीज शेणामातीत असते. हा जंतू कितासातो याने १८८९ साली प्रथम शुद्ध रूपात वेगळा केला. परंतु आमच्या वाडीपर्यंत ते ज्ञान पोहोचण्यास फार काळ लागला. तोवर कोणाची मुलगी तापाने गेली, तर त्याचा दोष दृष्ट लागण्यावर गेला असेल.

विद्वानांनी गोंदणाची उपेक्षा केली, असे नाही. बी. ए. गुप्ते यांनी १९०२ साली 'इंडियन अँटिक्वरी'त स्त्रियांच्या गोंदणाच्या आकृतींवर टिपणे प्रसिद्ध केली. परंतु मुद्रित ग्रंथांत आकृतीस जेवढी जागा मिळाली, तेवढी निगेस मिळाली नाही. आकृती कागदावर उतरविता येते. आईने रात्री उठून फुंकर घातली, ती कशी उतरविणार?

आज आपल्याच घरांतील तरुण-तरुणी मुंबई-पुण्यास यंत्राने गोंदवून येतात. त्यांना रागे भरण्यापेक्षा चार गोष्टी सांगाव्यात. सुई नवी व डोळ्यांदेखत उघडलेली असावी. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. स्वच्छ पाणी व सौम्य साबणाने जागा धुवून, सांगितलेले मलम पातळ लावावे. उघड्या जखमेवर घरचे लेप नकोत. खपली गळेपर्यंत विहीर, तळे व समुद्र यांत बुडी नको, कडक ऊन नको. सूज पसरू लागली, पू झाला वा ताप आला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टर गाठावा. साधने बदलली, पण आजीच्या आईची ताकीद अद्याप बदललेली नाही.

शेवटी ज्ञातिबंधुभगिनींस एक विनंती. आपल्या घरी गोंदण असलेली वृद्ध माता असेल, तर तिच्याजवळ बसून विचारावे : हे कोणी गोंदले, तेव्हा जवळ कोण होते, त्या रात्री हळद कोणी लावली? ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवावे. आमच्या आजीला आम्ही फिकट फांदीविषयी तेवढे विचारले. बाकीच्या हिरव्या फांद्या कोणी राखल्या, हे विचारावयाचे राहून गेले.