दोन नोंदवह्यांचा इतिहास

प्रत्येक धर्मग्रामात दोन नोंदवह्या जपलेल्या असतात : एक स्नानसंस्कारांची, दुसरी दफनांची. पहिलीत माणूस येतो, दुसरीत तो निरोप घेतो. येणाऱ्यांची संख्या जाणाऱ्यांहून अधिक झाली की लोकसंख्या वाढते. मात्र ती का वाढली, असे विचारताच आपण चटकन म्हणतो, "लोकांना मुले फार झाली." इतिहासाची साक्ष निराळी आहे.

ही साक्ष स्वीडन या देशात उत्तम जतन झाली आहे. तेथील लुथरन पाळकांवर १६८६ च्या कायद्याने जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी ठेवण्याचे बंधन आले. १७४९ पासून त्या नोंदींवरून देशभरची कोष्टके तयार होऊ लागली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे दर हजार लोकांमागे वर्षाला सुमारे ३४ जन्म व २७ मृत्यू होत. पाच बालकांपैकी एक पहिल्या वर्षातच दगावे. १७७३ साली दुष्काळ व रोगराई एकत्र आली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण हजारी ५० च्याही वर गेले.

पुढे एकोणिसाव्या शतकात मृत्यूचा हात आखडला. १८१६ मध्ये देवीची लस सक्तीची झाली. कित्येक गावी चर्चचा सेवकच ती टोचत असे. बिशप एसाइआस तेग्नेर यांनी या वाढीचे श्रेय शांतता, लस आणि बटाटा या तिघांना दिले. १७५० मध्ये सुमारे १८ लाख असलेली लोकसंख्या १८५० मध्ये सुमारे ३५ लाख झाली. जन्माचे प्रमाण वाढले नव्हते. लेकरे जगू लागली होती.

लेकरे जगतात हा विश्वास घराघरांत रुजायला पिढ्या जाव्या लागल्या. दरम्यान जमीन अपुरी पडली आणि लाखो लोक अमेरिकेला गेले. १८८० च्या सुमारास जन्मही घटू लागले. शिक्षण आणि शहरातील रोजगार यांनी त्या बदलाला गती दिली. १९३४ मध्ये तर आल्वा व गुन्नार मिर्डाल या दांपत्याने घटत्या जन्मांविषयी चिंता व्यक्त करणारा ग्रंथ लिहिला. आधी मृत्यू घटतात, मग जन्म. मधल्या काळात लोकसंख्या फुगते. अभ्यासक यालाच 'लोकसंख्येचे संक्रमण' म्हणतात.

आपल्या देशानेही हीच वाट चालली, पण घाईने. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने असा घाला घातला की १९११ ची सुमारे २५.२ कोटी लोकसंख्या १९२१ मध्ये २५.१ कोटींवर आली. १९५१ मध्ये ती ३६ कोटी व २०११ मध्ये १२१ कोटी झाली. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दर स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण देशात २.०, तर महाराष्ट्रात १.७ आढळले. पिढीची जागा पिढीने भरून काढण्यास सुमारे २.१ लागते.

म्हणून वाचकहो, आठ-दहा लेकरांच्या आजी-आजोबांना आपण अडाणी म्हणू नये. त्यांतली किती लेकरे त्यांनी स्वहस्ते मातीआड केली, हे दफनांची वही सांगते. दोनच लेकरांवर थांबणाऱ्या आजच्या जोडप्यांना आपण स्वार्थीही म्हणू नये. त्यांची लेकरे जगतात. पुढचा प्रश्न मात्र आपल्या दारी उभा आहे. वृद्ध वाढतील, त्यांना आधार देणारे हात कमी होतील. एकेका घराला न पेलणारे हे ओझे साऱ्या धर्मग्रामाने वाटून घ्यावे लागेल. त्याची तयारी आम्ही आजच आरंभिली पाहिजे.