एका रानकंदाची कहाणी

दिवाळीच्या सुमारास कोकणातून करांद्यांची पिशवी आली की आमच्याकडे फराळापेक्षा तिच्यावरच अधिक उड्या पडतात. गेल्या वर्षी उकडलेले करांदे सोलता सोलता मी सहज बोलून गेले, "याच्याच एका मेक्सिकोतल्या भाऊबंदाने जगभरचा पाळणा लांबवला, बरं का!" सूनबाई हसली. (करांदे खाऊन तसले काही होत नाही, हे आधीच सांगून टाकते.) पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. माझ्या आजीची तेरा बाळंतपणे झाली, त्यांतली पाच मुले जगली. तिला कोणी कधी काही विचारले नव्हते.

गर्भारपणात स्त्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचा रस स्रवतो आणि तो पुढचे बीज पिकू देत नाही, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. पण तो मिळवायचा म्हणजे सोन्याहून महाग! रसेल मार्कर या अमेरिकन रसायनज्ञाला तो वनस्पतीपासून हवा होता. १९४२ साली मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ प्रांतात त्याला 'काबेसा दे नेग्रो' हा रानकंद गवसला. त्यापासून त्याने प्रोजेस्टेरॉन तयार केले आणि, म्हणे, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन बरण्या घेऊन तो मेक्सिको शहरातल्या एका औषध कंपनीच्या दारात उभा राहिला. त्यातून १९४४ साली सिंटेक्स कंपनी निघाली. भागीदारांशी बिनसून मार्कर लवकरच बाहेर पडला, पण काम थांबले नाही. प्रोजेस्टेरॉन पोटातून घेतले तर फारसे लागू पडत नसे. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी तिथेच कार्ल जेरासी यांच्या हाताखालच्या लुईस मिरामोंतेस या २६ वर्षांच्या विद्यार्थ्याने, तोंडाने घेतले तरी गुण देणारे नॉरएथिस्टेरॉन बनविले.

तिकडे अमेरिकेत मार्गारेट सँगरबाई अशाच गोळीच्या शोधात होत्या. याच बाई डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटल्या होत्या. गांधीजींचा भर संयमावरच राहिला. १९५३ साली सँगरबाईंनी कॅथरीन मॅकॉर्मिक या श्रीमंत विधवेला ग्रेगरी पिंकस या शास्त्रज्ञाकडे नेले आणि पैशांची चिंता मिटली. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपले रघुनाथ धोंडो कर्वे वारले. १९२१ पासून मुंबईत संततिनियमनाचे केंद्र चालवताना त्यांनी प्राध्यापकी गमावली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. गोळी पाहायला मात्र ते उरले नाहीत.

आता गोळी द्यायची कोणाला? पिंकसच्या मॅसॅच्युसेट्समध्ये संततिनियमन कायद्याने गुन्हा होते. म्हणून १९५६ साली पोर्तो रिको बेटावर, रिओ पिएद्रासच्या गरीब वस्तीत, चाचणी सुरू झाली. गोळी सर्ल कंपनीची, रसायन नॉरएथिस्टेरॉनच्याच कुळातले, मात्रा दहा मिलिग्रॅमची. दर वर्षी कूस उजवून थकलेल्या बायका रांगेने आल्या. मूल राहणार नाही एवढे त्यांना सांगितले. हा प्रयोग आहे, हे सांगितले नाही. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी प्रामाणिकपणे लिहून पाठविले की गोळी गुणकारी आहे, पण शंभरात सतरा जणींना मळमळ, चक्कर, डोकेदुखी होते. सरसकट देण्याजोगी ही नव्हे. पिंकसने या तक्रारी बऱ्याचशा मनाचे खेळ ठरविल्या. त्याच्या विद्वत्तेविषयी मला आदर आहे, पण इथे माझा हात अडखळतो. बाईचे दुखणे मनाचे असते, हे वाक्य मी आमच्या घरातही ऐकले आहे.

१९६० साली गर्भनिरोधासाठी गोळीला अमेरिकेत परवानगी मिळाली. पुढे रक्तात गुठळ्या होत असल्याचे उघड झाले, मात्रा उतरत गेली. १९७० साली अमेरिकन सिनेटपुढे गोळीच्या धोक्यांवर साक्षी चालू असताना काही तरुणी प्रेक्षकांतून उठल्या आणि गोळी घेणारी एकही बाई साक्षीला का नाही, असे ओरडून विचारू लागल्या. त्याच वर्षी गोळीसोबत धोक्यांची माहिती देणारा कागद घालणे तिथे सक्तीचे झाले.

"आई, आपल्याकडच्या पाकिटातही असतो तो कागद," सूनबाई म्हणाली. "मी कधी उलगडलाच नाही." तोवर करांदे गार झाले होते.