तान्ह्या पोळ्याचा नंदी आणि सिनेमाचा खोका

सिनेमातलं अंतराळयान किंवा जादूगारांचा किल्ला तुकड्यातुकड्यांनी उभा करायला लावणारा प्लास्टिकच्या विटांचा संच घ्यावा की नाही, हा प्रश्न आता नागपुरातल्या घरांतही पडतो. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं, त्यामुळे परदेशी खोका घेताना मध्यमवर्गीय आईबाप चार वेळा विचार करतात. हा विचार बहुधा तुकडे किती आणि यान पडद्यावरच्या यानासारखं दिसतं का, एवढ्यावरच थांबतो. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: तो सिनेमा विस्मरणात गेल्यावर हे खेळणं काय करणार? याचं उत्तर शोधायला नागपूरकराला फार लांब जावं लागत नाही. मोठ्यांच्या जगातली एक गोष्ट लहान करून पोरांच्या हाती देणारं एक खेळणं या शहरात दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकलं आहे.

श्रावण अमावास्येचा पोळा बैलांचा, तर दुसऱ्या दिवशीचा, भाद्रपद प्रतिपदेचा तान्हा पोळा पोरांचा. ही प्रथा सुरू करण्याचं श्रेय नागपूरची परंपरा दुसऱ्या रघुजी भोसल्यांना देते. त्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६. कारण समजण्यासारखं आहे. पोळ्याच्या गर्दीत शिंगं रंगवलेल्या, वाजंत्रीने बिथरलेल्या बैलाची वेसण लहान मुलाच्या हाती कोण देणार? म्हणून लाकडाचा बैल आला. चार चाकांच्या पाटावर उभं केलेलं अंग, मानेमागे उठलेलं वशिंड, कोरलेली किंवा रंगाने काढलेली झूल, गळ्यात घुंगरांची माळ आणि पाटाला ओढायची दोरी. सणावाराचे कपडे घालून पोरं हा नंदी ओढत शेजारीपाजारी जातात, घरची बाई त्याची पूजा करते आणि पोराच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, ठेवते. खेळण्याची सारी रचना या फेरीसाठी आहे. चाकं नीट फिरली पाहिजेत, उंबऱ्यावर आपटलं तरी पाय निखळता कामा नयेत. चांगला नंदी सागवानाचा म्हणतात, तो नुसत्या दिखाव्यासाठी नव्हे. तो पावसाळ्यात बाहेर काढायचा असतो.

आता या खेळण्यामागची कथा कशी विरत गेली ते पाहा. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीच्या राजवटीने नागपूरचं राज्य खालसा केलं. ज्या दरबाराने प्रथेला मान दिला त्याची सत्ताच गेली, पण तान्हा पोळा राहिला. १८८० च्या दशकात काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांच्या मिरवणुका त्याच दिवशी रस्त्यावर येऊ लागल्या, तरी त्या गलबल्यात पोरांचा नंदी हरवला नाही. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेत तर अवाढव्य नंद्यांचा तान्हा पोळा गावाची ओळख बनला. मग नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, आणि आज शहरातल्या बहुतेक पोरांनी पोळ्याआधी बैलाचे खांदे मळतानाही पाहिलेलं नसतं. राजा गेला, बैलही गेला, खेळणं मात्र आहे. माझ्या मते याचं कारण असं की या खेळण्याचं कामच दुसऱ्याच्या दाराशी आहे: शेजारणीने ओवाळावं, कोणीतरी बोजारा द्यावा, दरवर्षी ठरलेल्या दिवशी माळ्यावरून खाली काढावं. ज्या कथेतून नंदी जन्मला ती विरली तरी या गरजा उरल्या.

विटांच्या संचाला हाच निकष लावला तर उत्तर दोन तुकड्यांत येतं. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा सुतार ओले किर्क क्रिस्तियानसेन १९३२ पासून लाकडाची खेळणी करत होता. त्याच्या कारखान्यातलं लाकडी खेळण्यांचं काम १९६० मध्ये आगीनंतर बंद झालं. त्याआधी, १९५८ मध्ये, त्याच्या लेगो कंपनीने प्लास्टिकच्या विटेच्या पोटात नळ्या बसवून पेटंट घेतलं होतं. खालच्या विटेच्या खुंट्या वरच्या विटेच्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये घट्ट बसतात आणि दोन खुंट्यांच्या मध्यांमधलं अंतर आठ मिलिमीटर ठेवलेलं असल्याने तेव्हाची वीट आजच्या विटेला लागते. हा भाग नंदीच्या जातीचा: कुठल्याही कथेवर न विसंबणारा, आजोबांचा नातवाला चालणारा. सिनेमाचा भाग वेगळा. १९९९ मध्ये ‘स्टार वॉर्स’चे संच आले आणि धंदा वाढला, पण त्याबरोबर कंपनी पडद्याच्या वेळापत्रकाला बांधली गेली. २००२ मध्ये ‘स्टार वॉर्स’ आणि ‘हॅरी पॉटर’ दोन्हींचे चित्रपट आले, २००३ मध्ये एकही आला नाही. त्या वर्षी विक्री कोसळली आणि कंपनी मोठ्या तोट्यात गेली. तोट्याची इतरही कारणं होती, तरी सिनेमाचं वर्ष सरलं की सिनेमाच्या खोक्याचं काय होतं हे तिथे लख्ख दिसलं.

यावर पहिली हरकत पैशाची. न उघडलेले संच पुढे महाग होतात, १९८७ ते २०१५ या काळातल्या जुन्या संचांचा अभ्यास करणाऱ्यांना वर्षाला सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास परतावा आढळला, मग खरेदी तोट्याची कशी? सरासरीच्या आत तोटा देणारे संचही होते, हा एक भाग. मुख्य म्हणजे तो परतावा सीलबंद खोक्याचा आहे. मुलाने तो फोडताच तो संपतो. दुसरी हरकत खुद्द नंदीवर येते आणि ती खरी आहे. हल्ली कोरीव सागवानी नंदी लाखाच्या घरात जातात, सजावटीच्या स्पर्धा होतात, आणि असा नंदी ओढायला पोराला कोणी देत नाही. अशा नंदीबद्दलही माझं मत तेच: तो दिवाणखान्याची वस्तू झाला, खेळणं उरला नाही. तिसरी हरकत मला सर्वांत वजनदार वाटते. नंदी आयता मिळतो, विटा मात्र मुलाला बांधायला शिकवतात. हे मान्यच. पण जो संच एकच यान बांधण्यासाठी खास साच्यातल्या, दुसरीकडे न बसणाऱ्या तुकड्यांनी भरलेला आहे, त्यात हा गुण कमी, आणि साध्या विटांच्या डब्यात तो सर्वांत जास्त.

तेव्हा घ्यायचाच असेल तर खोक्यावरच्या तुकड्यांच्या आकड्याकडे आधी पाहू नये. बारीक बारीक तुकड्यांनी तो सहज फुगतो. साध्या विटा आणि पट्ट्या किती, छापील व वळणदार तुकडे किती, हे चित्रांवरून बरंच कळतं. घरात आधीच विटांचा डबा असेल तर सिनेमाचा संच त्यात मिसळून जाईल. नसेल तर पहिला खर्च साध्या डब्यावर करावा. मुलाचं त्या सिनेमावर मनापासून प्रेम असेल आणि संच फोडून दुसरं काही रचायची मुभा घरात असेल, तर किंमत वसूल होईल. आणि खोका फाटलेला, पुस्तिका चुरगळलेला वापरलेला संच मिळाला तर तोच घ्यावा, कारण संग्राहक ज्यासाठी जादा पैसे मोजतो तो कोरा पुठ्ठा मुलाच्या काही कामाचा नाही.