कावीळ आणि पेशीची हाक



मढसारख्या गावी ज्याचे बालपण गेले त्याला कावीळ म्हटली की गळ्यातली औषधी काड्यांची माळ आठवते. माळ दिवसागणिक लांबत जाते, म्हणजे कावीळ उतरते, अशी आमच्याकडे ठाम समजूत होती. काड्या सुकून आकसतात, गाठी सैल पडतात व दोरा लांबतो, एवढेच त्यातील रहस्य. ते मला मास्तर झाल्यावर उमगले.

माझ्या थोरल्या बहिणीच्या गळ्यातही ती माळ होती. 1974 साली पावसाळा सरता सरता, दिवस भरत आले असताना, तिला कावीळ झाली. होडीने वर्सोव्यास उतरवून इस्पितळात पोचवीपर्यंत तिची शुद्ध हरपली होती. ती परत आली नाही. त्याच विहिरीचे पाणी पिणाऱ्या शेजारच्या चौघांनाही कावीळ झाली होती. ती सारी महिन्याभरात उठून कामाला लागली. मी तेव्हा सातवीत होतो. रोग एकच, तर तिचाच जीव का गेला, हे मला कोणी सांगेना.

हाच प्रश्न दिल्लीत फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. 1955 च्या अखेरीस यमुनेने प्रवाह बदलला आणि नजफगढ नाल्याची घाण वझीराबाद येथील पाणी उपसण्याच्या ठिकाणी शिरली. डिसेंबर ते जानेवारी ह्या अवधीत सुमारे 29,000 लोकांना उघड कावीळ झाली, आणि गरोदर स्त्रियांतील मृत्यूचे प्रमाण इतरांहून पुष्कळच अधिक निघाले. ही नेहमीचीच पाण्यातून पसरणारी कावीळ, असे तेव्हा सर्वांनी धरून चालले. परंतु नेहमीची, म्हणजे 'ए' विषाणूची कावीळ आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच होऊन जाते. मग प्रौढ माणसे का आजारी पडावीत?

सुदैवाने त्या रोग्यांच्या रक्ताचे काही नमुने कोणीतरी जपून ठेवले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील डॉ. खोर्शेद पावरी व त्यांचे सहकारी ह्यांनी अमेरिकन संशोधकांच्या साह्याने ते तपासले. 1980 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: हा 'ए' नव्हे आणि 'बी'ही नव्हे. त्याच साली काश्मीरच्या साथीवरून डॉ. महंमद सुलतान खुरू ह्यांनीही तेच सांगितले. 1983 साली रशियाच्या मिखाईल बालायान ह्यांनी रोग्यांच्या विष्ठेचे द्रावण स्वतः प्राशन करून आजार ओढवून घेतला व विषाणू दाखवून दिला. धाडस म्हणावे की अविचार, हे मी ठरवू शकत नाही. हाच पुढे 'ई' ठरला. 'ए नव्हे, बी नव्हे' ह्या पांघरुणाखाली दडलेला दुसरा, रक्तावाटे पसरणारा 'सी', 1989 साली सापडला.

आता हे विषाणू यकृतात करतात काय? 1957 साली लंडनमध्ये आयझॅक्स व लिंडेनमान ह्यांना आढळले की, विषाणूने ग्रासलेली पेशी एक द्रव्य बाहेर सोडते व त्यामुळे शेजारच्या पेशी सावध होतात. त्याला त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिले. ही पेशीची हाक होय. ती ऐकून शेजारी दारे लावून घेतात आणि रक्तातील लढाऊ पेशीही जोमाने कामाला लागतात. पण हाक मारण्यापूर्वी घरात चोर शिरल्याची वर्दी आतल्या आत पोचावी लागते. ती वर्दी पोचविणारे एक प्रथिन 2005 साली सापडले, आणि 'सी' विषाणूचे कात्रीसारखे प्रथिन नेमके तेच कापून टाकते हेही त्याच वर्षी दिसून आले. तार तुटली की हाक दबते. विषाणू वर्षानुवर्षे ठाण मांडतो, आणि त्याच्याशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी शेवटी थकून जातात. 2011 पासून ह्या कात्रीलाच बोथट करणारी औषधे वापरात आली. आज 'सी'चे बहुतेक रोगी काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरे होतात.

'ई' विषाणूची प्रथिनेही इंटरफेरॉनच्या निरोपात अडथळा आणतात, असे प्रयोगशाळेतील पेशींत आढळले आहे. तथापि बहुतेक माणसांत शरीर अखेर त्यावर मात करते व रोग आपोआप ओसरतो. गरोदरपणी शरीराची संरक्षणव्यवस्था पालटलेली असते. शेवटच्या तिमाहीत हा आजार इतका घातक का ठरतो, ह्याविषयी मात्र तज्ज्ञांचे अजून एकमत नाही. विहिरीच्या पाण्यापाशी आरंभलेला माझा प्रश्न असा निम्माच सुटला आहे.

'ई'वरील लस चीनमध्ये तयार होऊन 2011 साली तिला तेथे परवानगी मिळाली. साथ आवरण्यासाठी ती प्रथम 2022 साली दक्षिण सुदानमधील बेंतिऊ येथील विस्थापितांच्या छावणीत टोचण्यात आली. टोचून घेणाऱ्यांत गरोदर स्त्रियाही होत्या.