मित्रदेशांनी स्वतःचा अणुबॉम्ब बनवावा का? खानदेशातील कुटुंबांसाठी सोप्या भाषेत माहिती

१७ सप्टेंबर २०२५ ला रियाधमध्ये सौदी अरेबिया आणि पाकिस्तान यांनी संरक्षण करार केला. एका देशावर झालेला हल्ला दोघांवर झालेला हल्ला मानला जाईल, असं दोन्ही सरकारांनी जाहीर केलं. तेव्हापासून एक प्रश्न घरोघरी येतोय: सौदीला आता पाकिस्तानच्या अणुबॉम्बचं संरक्षण मिळालं का? आणि दुसऱ्याच्या भरोशावर राहण्यापेक्षा प्रत्येक देशाने स्वतःचाच बॉम्ब बनवला तर काय बिघडलं?

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर इथल्या कितीतरी घरांतला भाऊ नाहीतर मुलगा आज रियाध, दम्माम, जेद्द्याला नोकरीला आहे. आपण स्वतः अशा देशात राहतो ज्याच्याकडे बॉम्ब आहे, आणि शेजारच्या दोन देशांकडेही आहे. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावासाठी केंद्र सरकारने काढलेल्या यादीत आपल्या भुसावळचंही नाव होतं. म्हणून हा विषय मोबाईलवरच्या मेसेजपुरता न ठेवता नीट समजून घेऊ.

आधी काही शब्द

अण्वस्त्र छत्री: ज्याच्याकडे बॉम्ब आहे तो देश मित्राला वचन देतो, "तुझ्यावर हल्ला झाला तर मी माझी अण्वस्त्रं वापरायला तयार आहे." मित्राने त्या बदल्यात स्वतःचा बॉम्ब बनवायचा नाही. जपान, दक्षिण कोरिया आणि नाटोमधले बहुतेक युरोपीय देश अशा अमेरिकन छत्रीखाली आहेत. बेल्जियम, जर्मनी, इटली, नेदरलँड्स आणि तुर्कस्तान या देशांच्या जमिनीवर तर अमेरिकेचे बॉम्ब ठेवलेले आहेत, असं जाणकार मानतात. ताबा मात्र अमेरिकेचाच.

अण्वस्त्रप्रसारबंदी करार: १९६८ मध्ये सह्यांसाठी खुला झाला, ५ मार्च १९७० पासून लागू. १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्यांनी स्फोट केला ते पाच देश (अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स, चीन) अण्वस्त्रधारी मानले गेले. बाकी सदस्यांनी बॉम्ब बनवणार नाही असं वचन दिलं. भारत, पाकिस्तान आणि इस्रायल यांनी सही केलेलीच नाही. उत्तर कोरियाने २००३ मध्ये बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. तीन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं, अशी तरतूद करारातच आहे.

समृद्ध युरेनियम: खाणीतल्या युरेनियममध्ये कामाचा भाग (युरेनियम-२३५) फक्त ०.७ टक्के असतो. वीज बनवणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्यांना ३ ते ५ टक्के लागतो, बॉम्बला साधारण ९० टक्के. यंत्रं तीच, ती किती काळ फिरवायची एवढाच फरक. म्हणून "आम्ही फक्त वीज बनवतो" म्हणणाऱ्या देशाकडेही जग संशयाने बघतं. दुसरा रस्ता प्लुटोनियमचा. अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनातून ते वेगळं काढतात.

आज कोणाकडे किती?

स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या जानेवारी २०२५ च्या अंदाजानुसार जगात सुमारे १२,२०० अण्वस्त्रं आहेत. त्यातली ९० टक्क्यांच्या आसपास रशिया आणि अमेरिका या दोघांकडेच. चीनकडे सुमारे ६००, फ्रान्स २९०, ब्रिटन २२५, भारत १८०, पाकिस्तान १७०, इस्रायल ९० आणि उत्तर कोरिया ५०. म्हणजे एकूण नऊ देश.

छत्री मागणारा भारत

पुष्कळांना हे माहीत नसतं की भारतानेही एकेकाळी अशा छत्रीची चाचपणी केली होती.

१६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने पहिला अणुस्फोट केला. १९६२ च्या युद्धाची जखम ताजी होती. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री होते आणि संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण. आठवडाभरातच डॉ. होमी भाभा यांनी आकाशवाणीवरून सांगितलं की ५० अणुबॉम्बचा साठा दहा कोटींपेक्षा कमी रुपयांत होऊ शकतो. पुढे हा आकडा फारच कमी धरला होता अशी टीका झाली, पण देशात चर्चा पेटली.

शास्त्रीजींनी डिसेंबर १९६४ मध्ये लंडनला बिगरअण्वस्त्र देशांना संरक्षणाची हमी मिळावी हा विषय काढला. १९६७ मध्ये इंदिरा गांधींच्या काळात एल. के. झा मॉस्को, वॉशिंग्टनला जाऊन आले. भारत कोणत्याही गटात नव्हता, त्यामुळे कोणीही ठोस वचन दिलं नाही. जून १९६८ मध्ये सुरक्षा परिषदेने एक मोघम ठराव केला. भारताला तो पुरेसा वाटला नाही, आणि त्याने प्रसारबंदी करारावर सहीही केली नाही.

पुढे ९ ऑगस्ट १९७१ ला सोव्हिएत युनियनशी मैत्री करार झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी अमेरिकेचं एंटरप्राइज हे अणुशक्तीवर चालणारं विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे आलं. १८ मे १९७४ ला पोखरणला पहिला स्फोट झाला. त्यातलं प्लुटोनियम मुंबईच्या ट्रॉम्बेतल्या सायरस अणुभट्टीतून आलं होतं. ही भट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहिली होती आणि तिचं जड पाणी अमेरिकेने दिलं होतं, शांततेच्या कामासाठी म्हणून.

याची किंमत महाराष्ट्राने जवळून पाहिली. तारापूरचं वीजकेंद्र अमेरिकेने बांधून दिलेलं, १९६९ पासून चालू. इंधन अमेरिकेकडून येणार होतं. पोखरणनंतर ते अडलं, १९७८ च्या अमेरिकन कायद्याने आणखी अडचण झाली, शेवटी १९८२ मध्ये फ्रान्सकडून इंधनाची सोय झाली. अणुसाहित्याच्या व्यापारावर देशांनी एकत्र येऊन बंधनं घातली. भारतासाठी तो दरवाजा थेट सप्टेंबर २००८ मध्ये उघडला, म्हणजे ३४ वर्षांनी. त्या वाटाघाटींच्या वेळी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते डॉ. अनिल काकोडकर. त्यांचा जन्म आपल्या सातपुड्याच्या पलीकडे, बडवानीचा.

आता आजचे मित्रदेश

फ्रान्स: नाटोत असूनही त्याने स्वतःचा बॉम्ब बनवला. राष्ट्राध्यक्ष द गॉल यांचा प्रश्न साधा होता: पॅरिस वाचवायला अमेरिका न्यूयॉर्क गमावायला तयार होईल का? हा प्रश्न आजही या सगळ्या चर्चेचा गाभा आहे. पण फ्रान्सने पहिला स्फोट १३ फेब्रुवारी १९६० ला केला तो कुठे? अल्जीरियाच्या सहारा वाळवंटात. १९६६ पर्यंत तिथे १७ चाचण्या झाल्या. बॉम्ब फ्रान्सचा, पण किरणोत्सर्ग सहाराच्या लोकांच्या वाट्याला.

दक्षिण कोरिया: १९७० च्या दशकात गुप्तपणे प्रयत्न केला, अमेरिकेच्या दबावाने थांबवला, १९७५ मध्ये प्रसारबंदी करार मान्य केला. आता शेजारी उत्तर कोरियाकडे बॉम्ब आहे. अलीकडच्या अनेक जनमत चाचण्यांत सत्तर टक्क्यांच्या आसपास लोक स्वतःच्या बॉम्बच्या बाजूने दिसतात. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेने वॉशिंग्टन जाहीरनाम्यातून पुन्हा हमी दिली.

जपान: हिरोशिमा (६ ऑगस्ट १९४५) आणि नागासाकी (९ ऑगस्ट) सोसलेला देश. "बनवणार नाही, बाळगणार नाही, आणू देणार नाही" ही त्याची १९६७ पासूनची तीन तत्त्वं. तरी त्याच्याकडे वीजकेंद्रांतून आलेलं सुमारे ४५ टन प्लुटोनियम आहे, त्यातलं बरंचसं युरोपात ठेवलेलं. मनात आणलं तर जपानला फार वेळ लागणार नाही, असं तज्ज्ञ म्हणतात.

युरोप: रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यापासून आणि अमेरिकेच्या वचनावर शंका आल्यापासून तिथेही चर्चा आहे. मार्च २०२५ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रों यांनी फ्रान्सच्या अण्वस्त्रांचं संरक्षण मित्रांना देण्याविषयी बोलणी सुरू करण्याची तयारी दाखवली.

सौदी अरेबिया: २०१८ मध्ये युवराज मोहम्मद बिन सलमान म्हणाले होते की इराणने बॉम्ब बनवला तर आम्हीही लवकरात लवकर तेच करू. २०२५ च्या कराराचं जे जाहीर झालं त्यात अण्वस्त्रांचा उल्लेख नाही. म्हणून "सौदीला बॉम्ब मिळाला" हा मेसेज पुढे ढकलू नका.

बनवावा म्हणणारे काय सांगतात?

पहिलं, वचन हे वचनच असतं, सरकार बदललं की त्याची किंमतही बदलते. २०१६ च्या निवडणूक प्रचारात ट्रम्प यांनी स्वतःच सुचवलं होतं की जपान आणि दक्षिण कोरियाने स्वतःचे बॉम्ब बनवले तरी चालेल.

दुसरं, युक्रेन. सोव्हिएत युनियन फुटल्यावर त्याच्या जमिनीवर हजारो अण्वस्त्रं राहिली होती. ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट कराराने रशिया, अमेरिका, ब्रिटन यांनी सीमांचा मान राखण्याचं आश्वासन दिलं आणि युक्रेनने अस्त्रं सोडली. २०१४ आणि २०२२ मध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. त्या अस्त्रांचं नियंत्रण मॉस्कोकडेच होतं हे खरं, पण धडा मात्र जगाने घेतला.

तिसरं, ज्यांच्याकडे बॉम्ब आहे त्यांच्यावर मोठा हल्ला करायला कोणी धजत नाही.

बनवू नये म्हणणारे काय सांगतात?

पहिलं, साखळी. चीनच्या १९६४ नंतर भारत, भारतानंतर पाकिस्तान. ११ आणि १३ मे १९९८ ला भारताने चाचण्या केल्या, २८ आणि ३० मे ला पाकिस्तानने. पंधरा दिवस! दक्षिण कोरिया पुढे गेला तर जपान थांबेल का? इराण गेला तर सौदी आणि तुर्कस्तान?

दुसरं, मधला काळ. ठरवलं आणि बॉम्ब तयार झाला असं होत नाही. मधली वर्षं सर्वांत धोक्याची. इस्रायलने ७ जून १९८१ ला इराकची ओसिराक भट्टी उडवली. जून २०२५ मध्ये इस्रायलने आणि मग अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले केले.

तिसरं, चूक. ९ मार्च २०२२ ला भारताचं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, दोन्ही बाजूंनी संयम राहिला. पण शेजाऱ्यांमध्ये क्षेपणास्त्राला लागतात फक्त काही मिनिटं. तेवढ्यात खरं-खोटं ठरवायचं कसं? बॉम्बवाले देश वाढले की अशा मिनिटांची संख्याही वाढते.

चौथं, बॉम्बने लहान युद्धं थांबत नाहीत. १९९९ चं कारगिल आणि मे २०२५ चा संघर्ष, दोन्ही चाचण्यांनंतरचे.

पाचवं, पैसा. १९९८ च्या चाचण्यांनंतर भारतावर लागलेले अमेरिकन निर्बंध २००१ मध्ये उठले. भारत मोठा देश, त्याने झेललं. निर्यातीवर जगणाऱ्या दक्षिण कोरियासारख्या देशाला ते किती जड जाईल, विचार करा.

"इस्लामी बॉम्ब" असं काही असतं का?

हा शब्द वर्तमानपत्रांनी आणि नेत्यांनी रुळवला. वस्तुस्थिती वेगळी आहे. पोखरण १९९८ च्या मागे उभ्या असलेल्या प्रमुख शास्त्रज्ञांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. अस्त्राला राष्ट्र असतं, मजहब नसतो. आणि ते पडलं की शहरातल्या मोहल्ल्यांत फरक करत नाही. हिरोशिमात १९४५ अखेर सुमारे १,४०,००० माणसं गेली, नागासाकीत सुमारे ७४,०००. त्यात बहुतेक सामान्य नागरिक होते.

दुसरी बाजू कमी सांगितली जाते. सोव्हिएत काळात कझाकस्तानच्या सेमिपलातिंस्कला ४५६ चाचण्या झाल्या. कझाकस्तानने ते मैदान २९ ऑगस्ट १९९१ ला बंद केलं आणि १९९५ पर्यंत १,४०० च्या आसपास अण्वस्त्रं रशियाला परत पाठवली. २००६ मध्ये मध्य आशियातल्या पाचही देशांनी, जिथे मुसलमान बहुसंख्य आहेत, आपला प्रदेश अण्वस्त्रमुक्त ठेवण्याचा करार केला. १९७४ मध्ये इराण आणि इजिप्तने मध्यपूर्वेसाठी असाच प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांत मांडला होता. तो आजही तसाच पडून आहे.

मग उत्तर काय?

माझ्या मते छत्री कच्ची आहे ही तक्रार खरी आहे, पण प्रत्येकाने बॉम्ब बनवणं हे तिचं उत्तर नाही. भारताचा इतिहासच सांगतो: वचन मिळालं नाही म्हणून आपण बॉम्ब बनवला, पण त्याने शेजारीही तसाच तयार झाला, आणि भीती गेली नाही, दोन्हीकडे वाटली गेली.

त्यातल्या त्यात आधार कुठे आहे? भारताने २००३ मध्ये जाहीर केलं की आपण पहिल्यांदा अण्वस्त्र वापरणार नाही. भारत-पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ ला एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. युद्धं झाली, बोलणी तुटली, पण यादी दिली जाते. ट्रॉम्बे-तारापूरच्या आसपास राहणाऱ्या लाखो लोकांसाठी हा कागद एखाद्या क्षेपणास्त्राइतकाच मोलाचा आहे. जे देश आज स्वतःच्या बॉम्बचा विचार करतायत, त्यांनी आधी शेजाऱ्याशी असा एखादा कागद करून पाहावा.

घरी मुलांनी विचारलं तर एवढं तरी सांगा: बॉम्ब मागणाऱ्याची भीती खोटी नसते. पण त्याची भीती कमी होते तेव्हा शेजाऱ्याची वाढते, आणि तिथूनच पुढचा बॉम्ब सुरू होतो.