दुर्बीण बसवायची कुठे?

लष्करी रायफल आखणाऱ्यांनी दुर्बिणीसाठी जागा ठेवलेलीच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी सैन्यांनी बोल्टच्या रायफली घेतल्या, त्यांची वरची बाजू शिपायाच्या अंगठ्यासाठी मोकळी असे. बोल्ट मागे ओढायचा, पाच काडतुसांची क्लिप वरून खोचायची, काडतुसं आत दाबायची, बोल्ट पुढे ढकलायचा आणि माशी धरून नेम घ्यायचा. दुर्बिणीला नेमकी तीच जागा हवी. जुन्या वाड्यात लिफ्ट बसवताना जी पंचाईत होते, ती इथे पोलादात होते.

बाजूला बसवण्याची युक्ती मात्र बोल्टपेक्षा जुनी, आणि तिचा धागा आपल्याकडून जातो. डेव्हिड डेव्हिडसन हा मुंबई लष्करातला स्कॉटिश अधिकारी. त्याच्या नावाची दुर्बीण व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या अंगाला बसे, कारण उजवीकडे घोडा आणि वर नेहमीची माशी. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांनी १८६० च्या दशकात ती वापरली. पुढे सैन्यं तिला विसरली; शिकारी विसरले नाहीत.

म्हणूनच १९१४-१५ च्या खंदकांत जर्मनांकडे दुर्बिणी होत्या आणि इंग्रजांकडे जवळपास नव्हत्या. जर्मनीत शिकारीच्या रायफलींवर दुर्बीण लावणं रुळलेलं होतं. त्याच रायफली आघाडीवर गेल्या. इंग्रजांच्या बाजूने धडपडला तो हेस्केथ-प्रिचर्ड, शिकारी, क्रिकेटपटू आणि लेखक. सरकारी दुर्बिणी आल्या तेव्हा तो खूश झाला नाही. एनफील्ड रायफलीवर त्या डावीकडे सरकवून बसवल्या होत्या, हेतू असा की वरून काडतुसं भरता यावीत. कागदावर हे शहाणपणाचं होतं. पण खंदकातला नेमबाज पोलादी पत्र्यातल्या अरुंद जंगीतून गोळी झाडायचा; नळी जंगीत आणि दुर्बिणीसमोर पत्रा! शिवाय नजरेची रेषा नळीला समांतर ठेवावी तर गोळी कायम बाजूला, दोन्ही एका अंतरावर जुळवाव्यात तर त्याच्या अलीकडे-पलीकडे चूक उलट्या दिशांना. ज्याला दिवसातून एक-दोनच गोळ्या झाडायच्या, त्याला भराभर काडतुसं भरण्याची सोय कशाला, हा प्रश्न दुर्बीण मंजूर करणाऱ्यांना पडला नसावा.

उत्तर दुसऱ्या महायुद्धात मिळालं. कारखान्यातून निघालेल्या एनफील्डच्या नंबर ४ रायफलींपैकी नेमाला चांगल्या ठरलेल्या वेगळ्या काढायच्या आणि हॉलंड अँड हॉलंडकडे पाठवायच्या, म्हणजे आपल्या संस्थानिकांच्या शिकारीच्या बंदुका घडवणाऱ्या लंडनच्या पेढीकडे. तिथे रिसीव्हरच्या डाव्या भिंतीवर पोलादाच्या दोन बैठका पक्क्या होत, त्यांवर दोन मोठ्या हातस्क्रूंनी कंस बसे आणि कंस दुर्बिणीला उचलून नळीच्या डोक्यावर आणून ठेवी. वरून क्लिप खोचण्याची सोय गेली; काडतुसं एकेक भरायची. डोळा वर गेला म्हणून दस्त्यावर गालासाठी लाकडी ठोकळा आला. मागच्या माशीची एक खाच दुर्बिणीला अडत होती, तीही घासून टाकली. गंमत अशी की ही ‘नंबर ३२’ दुर्बीण मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली. जड आणि धटिंगण. तरी वीस हजारांहून अधिक रायफली अशा तयार झाल्या. त्यांतल्या काहींना १९७० नंतर नवी नळी मिळाली, आणि त्या १९८२ च्या फॉकलंड युद्धातही दिसल्या. रशियाने आपल्या मोसिन रायफलीवर पीयू दुर्बीण बाजूच्या कंसाने बसवली आणि बोल्टचा आडवा दांडा दुर्बिणीला आपटू नये म्हणून तो वाकवून खाली घेतला.

युद्ध संपलं की रायफली मोडीत निघतात. भारतात त्या नागरिकाच्या हाती गेल्या नाहीत. एनफील्डचं थ्री-नॉट-थ्री हे लष्करी काडतूस, म्हणून परवानेधारकासाठी इशापूरच्या कारखान्यात एनफील्डच्याच घडणीची .३१५ बनली. अमेरिकेत मात्र मोडीतल्या रायफलींचा बाजार भरला. हरणाच्या शिकारीसाठी स्वस्त रायफल हवी, तर क्राग, स्प्रिंगफील्ड किंवा माउझर घ्यायची, लाकूड कापायचं, रिसीव्हरला भोकं पाडून आटे काढायचे आणि वीव्हरची दुर्बीण चढवायची. माउझरला एवढं पुरत नसे: बोल्टचा दांडा कापून पुन्हा जोडावा लागे आणि उभा फिरणारा सुरक्षा-खटका बदलावा लागे. गावोगावच्या बंदूक-कारागिरांचं यावर पोट चालत होतं.

याच बाजारातून १९६३ च्या मार्चमध्ये शिकागोच्या क्लाइन्स दुकानाने डॅलसला एक पार्सल पाठवलं. आत इटालियन कार्कानो, वर जपानी चौपट दुर्बीण. किंमत १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च वेगळा. कार्कानोलाही सहा काडतुसांची क्लिप वरून लागते, म्हणून दुर्बीण डावीकडे, पत्र्याच्या कंसावर, दोन स्क्रूंनी धरलेली. मागणी ‘ए. हायडेल’ नावाने होती. मागवणारा ली हार्वी ऑस्वाल्ड. २२ नोव्हेंबरला केनेडींच्या हत्येनंतर ही रायफल सापडली. एफबीआयने ती झाडून पाहिली तेव्हा गोळ्या वर आणि उजवीकडे लागल्या. लष्कराच्या चाचणीआधी दुर्बिणीखाली पातळ चकत्या सरकवाव्या लागल्या. एवढ्या चिरफाडीला सामोरी गेलेली दुसरी स्वस्त दुर्बीण माझ्या माहितीत नाही.

१९६८ च्या कायद्याने अमेरिकेत टपालाने रायफल मागवणं बंद झालं आणि परदेशी लष्करी मालाची आयातही अडली. ही आयातबंदी १९८० च्या दशकात सैल होईतो जुन्या रायफलीकडे पाहायची नजर पालटत चालली होती. भोक पाडलेली रायफल म्हणजे नासवलेली रायफल. मग भोक न पाडणारे कंस आले: मागची माशी काढायची आणि तिच्याच जागी, नळीवर पुढे, लांबून पाहता येईल अशी छोटी दुर्बीण बसवायची. अमेरिकी नेमबाजी-शिक्षक जेफ कूपरच्या ‘स्काउट’ रायफलीमुळे ही तऱ्हा गाजली, तरी जर्मनांनी १९४१ च्या सुमारास आपल्या माउझरवर दीडपट दुर्बीण अशीच पुढे बसवलेली होती. मला हा सगळ्यांत सभ्य तोडगा वाटतो. क्लिप वरून भरता येते, काही कापावं लागत नाही, आणि कंटाळा आला की माशी परत जागेवर.

जी भोकं सरकारने पाडली, त्यांचं मोल मात्र उलटं. रशियाने अनेक मोसिनवरच्या दुर्बिणी युद्धानंतर काढून भोकं बुजवली. तसा बुजवलेला ठिपका दिसला की संग्राहक जास्त पैसे मोजतो. हॉलंडच्या एनफील्डची किंमत तर साध्या एनफील्डच्या कितीतरी पट, त्यामुळे नकली बैठका आणि नकली ठशांचाही धंदा चालतो. म्हणून जाणकार आधी दस्त्याच्या मानेवर ठोकलेला दुर्बिणीचा क्रमांक वाचतो, मग कंसावरचा रायफलीचा, आणि दोन्ही जुळेपर्यंत किमतीचं बोलत नाही.